इंजिनाविना स्वावलंबन

वास्को येथील गोवा शिपयार्डमध्ये 23 जुलै 2024 रोजी ‘त्रिपुट’ आणि 22 मार्च 2025 रोजी ‘तवस्या’ या दोन युद्धनौकांचे जलावतरण झाले. गोमंतकीय कामगारांच्या कौशल्याचा तो गौरव होता आणि त्याचा आम्हांस अभिमान वाटतो. परंतु या नौकांचा सांगाडा आपला असला तरी त्यांना वेग देणारी गॅस टर्बाइने आपली नाहीत. आराखडा रशियाचा आणि टर्बाइने युक्रेनमधील मिकोलाइव्ह शहरातील कारखान्याची, अशी ही जोडणी आहे. आज हेच दोन देश परस्परांशी युद्ध करीत आहेत.

या प्रकरणाचा मागचा इतिहास अधिक उद्बोधक आहे. 2014 मध्ये क्रिमियाचा घास रशियाने घेतल्यावर युक्रेनने रशियाला ही टर्बाइने देणे बंद केले. त्यामुळे रशियाच्या स्वतःच्या आरमारासाठी बांधावयास घेतलेल्या याच वर्गातील नौका इंजिनाविना धक्क्याला अडकून पडल्या. अखेर त्यांपैकी दोन भारताने घेतल्या. टर्बाइने भारताने युक्रेनकडून खरेदी करून रशियाला पुरविली, तेव्हा कोठे ‘तुशिल’ डिसेंबर 2024 मध्ये आणि ‘तमाल’ जुलै 2025 मध्ये आपल्या नौदलात दाखल झाली. अंतराळात प्रथम माणूस पाठविणाऱ्या राष्ट्राची जर ही गत, तर आपण कोणत्या भरवशावर निश्चिंत राहावे?

आकाशातही चित्र निराळे नाही. ‘तेजस’ विमानांसाठी 99 इंजिनांची मागणी ऑगस्ट 2021 मध्ये अमेरिकन कंपनीकडे नोंदविण्यात आली. त्यांतील पहिले इंजिन हाती येण्यास मार्च 2025 उजाडला. दरम्यान विमानांचे सांगाडे तयार होत राहिले. नोव्हेंबर 2025 मध्ये त्याच कंपनीशी आणखी 113 इंजिनांचा करार झाला. 15 ऑगस्ट 2025 रोजी लाल किल्ल्यावरून पंतप्रधानांनी लढाऊ विमानांची इंजिने देशातच बनविण्याचे आवाहन केले, ते या पार्श्वभूमीवर. आवाहन योग्यच आहे. मात्र अडचण नेमकी कोठे आहे हे नीट उमगल्याखेरीज त्यातून काही निष्पन्न होणार नाही.

आमच्या मते ही अडचण कागदावरील आराखड्यात जितकी आहे, त्याहून अधिक ती भट्टीत आणि ऐरणीवर आहे. टर्बाइनच्या उष्ण भागातील तबकड्या, कडी आणि दंडगोल भाग निकेलप्रधान मिश्रधातूंचे असतात. 1960 च्या सुमारास अमेरिकेत सिद्ध झालेला ‘718’ हा त्यांतील सर्वांत प्रसिद्ध. निम्म्याहून अधिक निकेल, त्याच्या खालोखाल लोह व क्रोमियम आणि सुमारे पाच टक्के नायोबियम अशी त्याची घडण. साडेसहाशे अंश सेल्सिअसच्या आसपासही तो आपले बळ सोडत नाही. हा गुण टर्बाइनला वरदान ठरतो, पण घडविणाऱ्याला तोच शाप ठरतो. लोखंड तापले की नरम होते, ही आपल्या लोहाराची पिढ्यान् पिढ्यांची शिकवण. हा धातू तापूनही हट्ट सोडत नाही. उष्णता थोडी वाढली तर त्याचे कण जाड होऊन बळ घटते, थोडी उतरली तर अंगाला भेगा पडतात. दंडगोल जितका मोठा, तितके संकट मोठे. कारण बाहेरचा थर थंड होत असतो आणि दाबाच्या श्रमाने आतला गाभा अधिकच तापत असतो. म्हणून असा भाग घडविण्यास प्रचंड शक्तीचे दाबयंत्र लागते आणि ते चालविणाऱ्यास वर्षानुवर्षांचा अनुभव लागतो.

शिवाय घडाई ही दुसरी पायरी झाली. पहिली पायरी वितळविण्याची. विमानाच्या फिरत्या भागांसाठी हा धातू तीन वेगवेगळ्या रीतींनी तीनदा वितळवून शुद्ध केला जातो. एवढे करूनही दोष राहिला तर काय होते, ते 28 ऑक्टोबर 2016 रोजी शिकागोच्या विमानतळावर दिसले. धावपट्टीवर वेग घेत असलेल्या विमानाच्या इंजिनातील ‘718’ची एक तबकडी फुटली आणि तिचा तुकडा सुमारे 2,900 फूट दूर एका गोदामात जाऊन पडला. विमानास आग लागली. आतील 170 जण वाचले, हे दैव बलवत्तर म्हणून. चौकशीत मूळ धातूतच एक सूक्ष्म दोष राहून गेल्याचे आढळले. तबकडी तयार झाली त्या वेळच्या तपासणीत तो सापडणे बहुधा शक्यही नव्हते. पुढारलेल्या देशांतही हे घडते, यावरून या विद्येची कठीणता लक्षात यावी.

ही विद्या त्या देशांनी बाजाराच्या भरवशावर मिळविली नाही, हे आपल्याकडील खासगीकरणाच्या भाटांनी ध्यानात घेण्यासारखे आहे. जर्मनीची महाकाय दाबयंत्रे पाहून दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी सरकारने 1950 च्या दशकात सरकारी खर्चाने अवजड दाबयंत्रांची योजनाच आखली. क्लीव्हलंड आणि ग्राफ्टन येथील 50,000 टनी यंत्रे ही तिची फळे. ती यंत्रे खासगी कंपन्यांच्या हाती चालली, पण उभी केली सरकारने. सोव्हिएत संघाने 75,000 टनी यंत्रे उभारली, चीनने 80,000 टनी. या तोडीचे यंत्र आपल्या देशात नाही.

याचा अर्थ आपण रिक्तहस्त आहोत असा मुळीच नव्हे. 1973 मध्ये स्थापन झालेली हैदराबादची मिश्र धातु निगम ही सरकारी संस्था हे धातू बनवीत आली आहे. तेथीलच संरक्षण धातुशास्त्र प्रयोगशाळेने 2,000 टनी यंत्रावर इंजिनाच्या टायटॅनियम तबकड्या घडविल्याचे 2021 मध्ये जाहीर झाले. बंगळुरूच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सने फ्रेंच कंपनीसाठी निकेल मिश्रधातूचे घडीव भाग बनविण्याचा करार फेब्रुवारी 2025 मध्ये केला. पुण्याच्या घडाई उद्योगाचे नाव तर जगभर आहे. खुद्द आमच्या कुंकळ्ळीत निकेलचा कारखाना आहे. 2021 च्या अखेरीस तो एका मोठ्या उद्योगसमूहाने घेतला, तेव्हा देशातील एकमेव निकेल उत्पादक म्हणून त्याचा उल्लेख झाला. म्हणजे धातू, प्रयोगशाळा आणि कारागीर यांचे धागे येथेच आहेत. ते एका दोरात वळले गेलेले नाहीत.

‘कावेरी’ इंजिनाची कहाणी हेच सांगते. 1989 पासून चाललेला तो प्रकल्प अपेक्षित जोर देऊ शकला नाही आणि 2008 मध्ये ‘तेजस’पासून वेगळा काढण्यात आला. त्यावर टीका पुष्कळ झाली. पण आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार? भट्टी, दाबयंत्र आणि चाचणीची सोय यांचा पाया अपुरा ठेवून इंजिन मात्र वेळेत हवे, हा आग्रह धरणाऱ्या राज्यकर्त्यांकडेही त्या अपयशाचा मोठा वाटा जातो.

आता परकीय कंपन्यांशी तंत्रज्ञान हस्तांतरणाच्या वाटाघाटी चालतात, टक्केवारीची घासाघीस होते. ती व्हावी. परंतु आराखडे विकत मिळतात, हात विकत मिळत नाहीत. कोणत्या क्षणी दाब द्यावा आणि कोणत्या क्षणी थांबावे, हे ज्ञान हजारो तुकडे घडवून आणि शेकडो वाया घालवूनच अंगी मुरते. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही.

तेव्हा केंद्र सरकारने तीन गोष्टी कराव्यात. अवजड दाबयंत्र राष्ट्रीय संपत्ती म्हणून सरकारी खर्चाने उभारावे आणि सरकारी व खासगी उद्योगांना ते वापरू द्यावे. त्यावर घडणाऱ्या मालाला किमान वीस वर्षांच्या मागणीची हमी द्यावी. आणि प्रयोगात वाया गेलेल्या धातूचा हिशेब उधळपट्टीच्या खाती न मांडता शिक्षणाच्या खाती मांडावा. यास निवडणुकीच्या पाच वर्षांपलीकडे पाहणारी दृष्टी लागेल. ती दाखविली गेली नाही, तर वास्कोच्या धक्क्यावर नौका उतरत राहतील, नारळ फुटत राहतील आणि त्यांनी समुद्रात केव्हा निघावे, हे मात्र दुसऱ्याच कोणाच्या भट्टीत ठरत राहील.