समुद्रकांठची चाकरी

श्रावण महिन्यांतील पौर्णिमेच्या सुमारास आपल्या घरांत दोन गोष्टी होतात. पुरुषमंडळी पंचगव्य प्राशन करून जानवीं बदलतात, आणि पानावर केशर-वेलदोड्याचा नारळीभात वाढला जातो. पहिल्या गोष्टीचें कारण विचारलें तर घरांतील वडील माणूस श्रावणीची कांहीं तरी उपपत्ति सांगूं शकतो. दुसरीचें कारण विचारलें तर ‘आज नारळी पौर्णिमा’ एवढेंच उत्तर मिळतें. समुद्रास नारळ कां द्यावयाचा, तो देणारा कोण, आणि नारळ दिल्यावर तो मनुष्य कोठें जातो, ही चौकशी नारळीभात जेवणारांनीं सहसा केलेली नसते. या महिन्यांत ती करावी असें आम्हीं योजिलें आहे.

निमित्त एका वाचकभगिनीच्या पत्राचें आहे. त्यांचा थोरला नातू मत्स्यविज्ञानाची पदवी घेऊन कोंकणांतील एका खाडीकांठीं कोळंबी-संवर्धनाच्या कामावर लागला आहे. धाकटा बंदरांतील ओढबोटीवर उमेदवारी करावयाची म्हणून हट्ट धरून बसला आहे. आप्तमंडळींत ‘एवढें शिकून शेवटीं मासळींतच गेले’ असें बोललें जातें. बाई विचारतात कीं, ही चाकरी आपल्या घरास शोभणारी आहे काय, आणि असली तरी ती जिवास निर्धास्त आहे काय? पहिल्या प्रश्नाचें उत्तर देणें आम्हांस सोपें वाटतें. दुसऱ्याचें अवघड आहे.

शोभण्या-न शोभण्याचा विचार करूं लागलें म्हणजे आपल्याकडे शास्त्राचा आधार शोधण्याची चाल आहे. बौधायनानें आपल्या धर्मसूत्रांत समुद्रगमन हें पातित्य आणणाऱ्या कर्मांत घातलें, व पुढें निबंधकारांनीं तें कलिवर्ज्यांत गणिलें, हें खरें. विलायतेहून परत आलेल्या गृहस्थांस प्रायश्चित्त घेण्यास लावीत, ती याच वचनांची छाया. परंतु त्याच बौधायनानें समुद्रगमन ही उत्तरेकडील लोकांची चाल म्हणूनही नमूद केली आहे. म्हणजे त्याच्याही काळीं लोक जात होतेच. मनूच्या आठव्या अध्यायांत तर समुद्रप्रवासांत निष्णात असलेल्या लोकांनीं ठरविलेला व्याजाचा दर प्रमाण मानावा असें सांगितलें आहे. ज्यांचा शब्द न्यायसभेंत प्रमाण धरावयाचा, त्यांचा धंदा हलका कसा म्हणावा?

अमरकोश ज्यांनीं लहानपणीं पाठ केला असेल त्यांस वारिवर्ग आठवेल. सांयात्रिक, कर्णधार, नाविक, नियामक, धीवर, कैवर्त हे शब्द आम्हीं सर्वांनीं डोलत डोलत म्हटले आहेत. त्यांपैकीं ‘कर्णधार’ हा शब्द आपण संस्थांच्या अध्यक्षांस आणि क्रिकेटच्या नायकास मोठ्या आदरानें देतों. पण खरोखरीचें सुकाणूं ज्याच्या हातीं आहे त्यास ‘खलाशी’ म्हणतांना आपला स्वर खालीं उतरतो. दोष शास्त्राचा नसून आपल्या कानांचा आहे.

आतां हे लोक करितात काय, तें थोडें पाहूं. वसई, उत्तन, वर्सोवें या बाजूस डोलीची मासेमारी चालते. डोल म्हणजे निमुळत्या पिशवीसारखें प्रचंड जाळें. समुद्राच्या तळाशीं रोंवलेल्या खुंटांस वा नांगरांस तें बांधून त्याचें तोंड प्रवाहाकडे ठेवितात. कोळी मासळीचा पाठलाग करीत नाहीं. भरती-ओहोटीचा ओघच बोंबील आणि जवळा त्याच्या जाळ्यांत आणून घालितो. ओघ मंदावून उलटण्यापूर्वीं थोडा वेळ पाणी स्थिर राहतें, तेवढ्या अवधींत जाळें उपसावयाचें. ती वेळ पहांटे तीनची असेल किंवा भर मध्यान्हीची. घड्याळ चंद्राचें असतें, मनुष्याचें नव्हे. आणलेला बोंबील किनाऱ्यावर बांबूच्या वलांडींवर वाळत घालणें, जवळा उन्हांत पसरणें, मासळी निवडून बाजारांत नेणें आणि पैशाचा हिशेब ठेवणें हें सारें बायकांकडे. पुरुष समुद्रावर व स्त्री बाजारांत अशी ही वांटणी असल्यामुळें कोळ्याच्या घरांत पैशाची किल्ली पुष्कळदां बाईच्या कमरेस असते, हें आमच्या भगिनींनीं ध्यानांत घ्यावें.

दक्षिणेस मालवण-वेंगुर्ल्याकडे रापण ओढतात. होडीनें समुद्रांत अर्धवर्तुळाकार जाळें सोडीत जावयाचें आणि त्याचीं दोन्ही टोकें किनाऱ्यावरून पांचपन्नास माणसांनीं ओढावयाचीं. जाळें एकाचें नसतें. अनेकांचीं जाळीं जोडून तें झालेलें असतें, आणि मिळालेल्या बांगड्या-तारल्यांचे वांटे पडतात. सहकारावर आपल्याकडे व्याख्यानें पुष्कळ होतात. त्याचा पाठ मात्र ही वाळूंतील मंडळी पिढ्यान् पिढ्या गिरवीत आली आहेत.

याखेरीज उरण, पेण, भाईंदर येथील मिठागरांत खारें पाणी एका वाफ्यांतून दुसऱ्या वाफ्यांत फिरवून, उन्हानें आटवून मीठ पिकविणारे आगरी आहेत. मुंबईच्या मुखाशीं इ. स. १८७५ मध्यें बांधलेल्या प्रॉंग्जच्या आणि थळच्या समोर खांदेरी बेटावर इ. स. १८६७ मध्यें उभारलेल्या दीपगृहांत पिढ्यान् पिढ्या रात्रीं जागून दिवा संभाळणारे राखणदार झाले. बंदरांत येणाऱ्या परक्या जहाजास वाट दाखविणारा पायलट आहे. अमरानें ज्यास नियामक म्हटलें त्याचाच हा वारस. तो लहान बोटीनें जहाजाच्या अंगाशीं जातो आणि दोन्ही नौका चालत असतां दोराच्या शिडीनें वर चढतो. ही उभी चढण नऊ मीटरांपर्यंत असूं शकते. पावसाळ्यांतील लाटांवर ती चढणें म्हणजे काय याची कल्पना आपल्या घरच्या जिन्यावरून येणार नाहीं. हें काम आतां स्त्रियाही करितात. कलकत्त्याच्या हुगळी नदींत रेश्मा निलोफर या इ. स. २०१८ मध्यें पूर्ण अधिकाराच्या पायलट झाल्या. भारतांत हा मान प्रथम त्यांस मिळाला.

या सर्व कामांच्या मुळाशीं जें ज्ञान आहे तें आपल्या घरांतील खुंटीवरच लटकत असतें, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. तें म्हणजे पंचांग. फळ्यावर सूर्य, चंद्र व पृथ्वी यांचीं वर्तुळें काढून उधाणाची भरती आणि भांगाची भरती यांतील भेद शिकविण्याचा प्रसंग आम्हांस पुष्कळ वर्षें आला. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास सूर्य व चंद्र यांचें आकर्षण एका रेषेंत येऊन पाणी फार चढतें व फार उतरतें; अष्टमीच्या सुमारास तीं आकर्षणें काटकोनांत आल्यानें पाणी मंद राहतें. एवढें पुस्तकांत असतें. परंतु कोंकण किनाऱ्यावर याचें एक सुटसुटीत गणित चालतें, तें पुस्तकांत क्वचितच सांपडतें. तिथीची पाऊणपट करावी, जो आंकडा येईल तितके वाजतां पूर्ण भरती. चतुर्थीस तीन वाजतां, अष्टमीस सहा वाजतां, द्वादशीस नऊ वाजतां. दोन भरत्यांमध्यें सुमारें साडेबारा तासांचें अंतर असल्यानें दिवसाचें व रात्रीचें असे दोन्ही हिशेब त्यांतून निघतात. सूक्ष्म गणितानें पाहिलें तर एका तिथीस ४८ मिनिटें पडतात आणि पाऊण तास म्हणजे ४५. एवढ्या फरकानें होडी अडत नाहीं. आम्ही तिथि पाहतों ती उपास कोणत्या दिवशीं धरावा म्हणून. कोळी पाहतो तो जीव केव्हां पाण्यावर घालावा म्हणून. दोघांचें पुस्तक एकच आहे. त्या पुस्तकाचा अधिक कसून अभ्यास कोण करितो, याचा निवाडा वाचकांनींच करावा.

म्हणून पहिल्या प्रश्नास आमचें उत्तर असें कीं, चाकरी शोभते. मात्र ती करावयास जाणाऱ्या मुलानें तेथील लोकांस शोभेल असें वागलें पाहिजे. हें आम्ही उगाच लिहीत नाहीं. समुद्र हा ओसाड पडलेला माळ नव्हे. त्यावर कोळी, गाबित, भंडारी, दालदी यांची पिढ्यांची वहिवाट आहे. यंत्रांच्या मोठ्या नौका आल्या, पर्ससीनचीं जाळीं आलीं, रात्रीं प्रखर दिवे लावून मासळी ओढून घेण्याची युक्ति आली. आणि ज्याची लहान होडी किनाऱ्याजवळच फिरते त्याच्या वांट्यास रिकामें जाळें येऊं लागलें. महाराष्ट्रानें इ. स. १९८१ मध्यें सागरी मासेमारीच्या नियमनाचा कायदा केला, इ. स. २०१६ मध्यें पर्ससीनवर निर्बंध आणिले, व इ. स. २०२१ मध्यें दंडाच्या रकमा वाढविल्या. दिव्यांच्या मासेमारीस केंद्र सरकारनें इ. स. २०१७ मध्यें मनाई केली. यंत्रनौकांस १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस बंदी ठेविली आहे, ती मासळीच्या विणीसाठीं आणि वादळी पाण्यापासून माणसें वांचविण्यासाठीं. नारळी पौर्णिमेपर्यंत होडी पाण्यांत लोटावयाची नाहीं हा जुना आचार याच दोन कारणांस धरून होता. सरकारनें त्यास तारीख दिली एवढेंच. शिकलेला मुलगा खाडीवर गेला आणि त्यानें कोळंबीच्या तळ्यासाठीं कांदळवन तोडविलें, किंवा तळ्याचें घाण पाणी खाडींत सोडलें, तर त्याच्या पदवीनें शेजारच्या होडीचें अन्न काढून घेतलें असें होईल. उलट वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडींत तेथील स्त्रियांनीं कांदळवन राखून, पाहुण्यांस होडींतून तें दाखवून त्यावर चार पैसे मिळविण्याची वाट काढली आहे. शिकलेल्यानें त्यांच्यापाशीं चार दिवस बसावें आणि मग आपलें ज्ञान सांगावें.

आतां दुसरा, अवघड प्रश्न. ही चाकरी निर्धास्त आहे असें आम्ही लिहूं शकत नाहीं. लिहिलें तर तें असत्य होईल. १७ जुलै १९४७ रोजीं भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ उलटली आणि ६०० हून अधिक माणसें बुडालीं. बोटींतील पुष्कळ लोक अमावास्येच्या निमित्तानें घरीं निघाले होते. किनारा दूर नव्हता. जे वांचले त्यांपैकीं अनेकांस रेवसकडील कोळ्यांनीं आपल्या होड्यांत ओढून घेतलें. यास फार वर्षें झालीं, आतां हवामानाचें अनुमान आगाऊ कळतें, असें कोणी म्हणेल. तर १७ मे २०२१ चा दिवस आठवावा. तौक्ते चक्रीवादळाची सूचना आगाऊ मिळाली असतांही मुंबई हाय तेलक्षेत्राजवळ कामगारांच्या निवासाचा पी-३०५ हा तराफा समुद्रांतच राहिला. त्यास स्वतःचें चालण्याचें यंत्र नव्हतें. नांगर सुटले आणि तो बुडाला. त्यावरील २६१ माणसांपैकीं १८६ जणांस नौदलानें वांचविलें. ७० हून अधिक गेले. त्यांत वेल्डर होते, फिटर होते, स्वयंपाकी होते. ज्ञान नव्हतें म्हणून ते मेले नाहींत. ज्ञान होतें, त्यावर वेळींच हुकूम निघून तराफा बंदरांत परतला नाहीं.

येथें आम्हांस कौटिल्याची आठवण होते. अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणांत नावध्यक्षाचीं कर्तव्यें सांगितलीं आहेत. राजाच्या होड्या वापरणाऱ्या कोळ्यांकडून मासळीचा सहावा हिस्सा घ्यावा, हें तो सांगतो. पण तेथेंच थांबत नाहीं. वाऱ्यानें पिटाळलेली नौका बंदरास लागली तर नावध्यक्षानें पित्याप्रमाणें तिच्यावर अनुग्रह करावा. आणि पुरेशीं माणसें वा साधनें नसल्यामुळें, किंवा डागडुजी न केल्यामुळें नौका बुडाली तर नुकसान नावध्यक्षानें भरून द्यावें. समुद्राचा कोप निराळा आणि मालकाची हयगय निराळी, हा विवेक दोन हजार वर्षांच्या ग्रंथांत स्पष्ट आहे. बुडालेल्या प्रत्येक नौकेमागून ‘दैव’ म्हणून हात झटकणारांनीं तें प्रकरण वाचावें.

तेव्हां ज्यांच्या घरचा मुलगा वा मुलगी या वाटेनें जाऊं पाहते त्यांनीं ‘जाऊं नको’ म्हणून रडूं नये, आणि ‘जा’ म्हणून डोळे मिटूंही नयेत. चार गोष्टी विचाराव्या. पहिली, नोकरी लावून देतों म्हणून कोणी पैसे मागतो काय? मुंबईच्या नौवहन महासंचालनालयाचा परवाना असलेल्या मध्यस्थासही उमेदवाराकडून असे पैसे घेण्यास मनाई आहे. म्हणून जो मागतो त्याची पायरी चढूं नये. दुसरी, आग विझविणें, प्रथमोपचार आणि पाण्यांत पडल्यावर तगून राहणें यांचें शिक्षण कामावर चढण्यापूर्वीं मिळालें आहे काय? तिसरी, नौकेवर जितकीं माणसें तितकीं तरंगतीं जाकिटें आहेत काय, आणि तीं कुलपांत नसून हाताशीं आहेत काय? चौथी व सर्वांत महत्त्वाची, वादळाची सूचना आल्यावर ‘परत फिरा’ हें सांगण्याचा अधिकार कोणाचा, आणि तो मनुष्य नौकेवर असतो कीं शहरांतील कचेरींत?

या चौथ्या प्रश्नाचें उत्तर समाधानकारक मिळालें नाहीं तर पगार केवढाही असो, आमचा सल्ला नकाराचाच राहील. मिळालें तर मुलास खुशाल जाऊं द्यावें. जातांना त्याच्या पेटींत इतर सामानाबरोबर एक पंचांग घालावें, आणि तेथें गेल्यावर एखाद्या वृद्ध तांडेलापाशीं बसून तें कसें वाचावयाचें हें त्यानें शिकून घ्यावें. आप्तमंडळींचें बोलणें राहिलें. तें ज्या मुखांतून निघतें त्या मुखांत सकाळ-संध्याकाळ मीठ जातें. तें मीठ कोणाच्या पायांखालून आलें, एवढें त्यांस विचारलें म्हणजे पुरे.