मोत्याचे वजन कोणी वाढविले?

आमच्या मोत्याचे वजन १० किलोग्रॅम असावयास हवे होते. ते १२ भरले. कुत्र्याचे वजन करणे अगदी सोपे आहे. त्याला उचलून घेऊन काट्यावर उभे राहावयाचे, मग एकट्याने. वजाबाकी केली की झाले. "दोनच तर किलो!" असे घरातील सारे म्हणाले. पण १० वर २ म्हणजे २० टक्के. ६० किलोग्रॅमचा माणूस ७२ चा व्हावा, तसेच हे.

ऊर्जा शून्यातून निर्माण होत नाही, हा नियम तुम्ही शाळेत शिकता. तो मोत्यालाही लागू आहे. म्हणून आम्ही हिशेब मांडला. घरात माणसे चार. सकाळ-संध्याकाळच्या चहाबरोबर प्रत्येकजण त्याला एकेक बिस्किट देई आणि "मी एकच दिले" म्हणे. दिवसाची झाली आठ! लहान ग्लुकोज बिस्किटात सुमारे २० उष्मांक असतात. म्हणजे एकूण १६०. मोत्याएवढ्या घरगुती कुत्र्याला दिवसाला साधारण ६०० उष्मांक पुरतात. त्याचा चौथा हिस्सा आम्ही जेवणाखेरीज, नुसत्या लाडापोटी देत होतो.

"मग त्याला जास्त फिरवू या," असे तुम्ही म्हणाल. आता हे गणित पाहा. एवढा कुत्रा एक किलोमीटर चालला, तर ढोबळमानाने १२ उष्मांक खर्च होतात. आठ बिस्किटे जिरवावयास रोज १३ किलोमीटर चालावे लागेल! फिरणे प्रकृतीला हवेच. पण वजन उतरते ते मुख्यतः ताटलीतून.

यात गंभीर काय आहे? अमेरिकेत लॅब्रेडॉर जातीच्या ४८ कुत्र्यांवर जन्मभर एक प्रयोग झाला. एकाच वेतातील पिल्लांच्या जोड्या लावल्या आणि प्रत्येक जोडीतील एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी अन्न दिले. २००२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. कमी खाणाऱ्यांचे मध्यक आयुष्य १३ वर्षे भरले, तर दुसऱ्यांचे ११.२ वर्षे. सांधेदुखीचे उपचारही कमी खाणाऱ्यांना उशिरा लागले. जवळजवळ दोन वर्षांचा हा फरक!

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. कुत्र्याला लठ्ठ करणे ही माया नव्हे, निष्काळजीपणा आहे. बिस्किटाचा डबा त्याला उघडता येत नाही. तो आपणच उघडतो.

मात्र त्याला उपाशी ठेवू नका. आधी पशुवैद्यांना दाखवा, कारण थायरॉइडसारख्या विकारानेही वजन वाढते. आठवड्याला शरीराच्या वजनाच्या १ ते २ टक्के घट पुरेशी आहे. जेवण मापून द्या. बिस्किटाऐवजी गाजराचा किंवा काकडीचा लहान तुकडा द्या; कांदा आणि मनुका मात्र कधीही नकोत, त्या कुत्र्याला विषारी ठरू शकतात.

आम्ही स्वयंपाकघरात एक वही टांगली. जो काही देईल, त्याने लिहावयाचे. मोत्या चार महिन्यांत १० किलोग्रॅमवर आला. वही अजून टांगलेलीच आहे. कारण उतरलेले वजन टिकविणे हेच खरे अवघड काम.

तुमच्या घरी कुत्रा असेल, तर आज त्याच्या बरगड्यांवरून हलकेच हात फिरवा. त्या बोटांना सहज लागल्या, तर ठीक. न लागल्या, तर वही आणि पेन्सिल घ्या व हिशेबाला बसा.