न झालेली कुस्ती वर्गात लावून बघा

'सूर्य उगवला नाही तर', 'परीक्षा नसत्या तर', 'मी पंतप्रधान झालो तर'. कल्पनाविस्ताराचे हे विषय आपण शाळेत असताना लिहिले आणि आता पोरांकडून लिहून घेतो. पंचवीस वह्या तपासायला घेतल्या की एकच निबंध पंचवीस वेळा वाचायला मिळतो, कारण तो गाईडातून उतरलेला असतो.

तीच पोरं मधल्या सुट्टीत स्वतःहून केवढा कल्पनाविस्तार करतात! जुना पैलवान आणि आताचा पैलवान यांची कुस्ती लागली तर कोण जिंकेल? आपल्या परभणीकडं जत्रांचे दिवस आले की हा वाद पारावरही रंगतो. आपल्या मराठवाड्याचे, रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार १९६९ साली महाराष्ट्र केसरी झाले. चाळीसगावकडच्या विजय चौधरीने २०१४, २०१५ आणि २०१६ अशी सलग तीन वर्षे गदा घेतली. म्हातारी माणसं म्हणणार, "तेव्हाचं दूध-तूप वेगळं होतं." पोरं म्हणणार, "आताची ट्रेनिंग बघा की!" वाद तिथंच थांबतो. तो पुढे न्यायचं काम शिक्षकाचं आहे, असं मला वाटतं.

अमेरिकेत या वादावर चक्क सिनेमा निघाला. रॉकी मार्सियानो हा हेवीवेट बॉक्सर ४९ लढतींत एकदाही हरला नाही आणि १९५६ मध्ये निवृत्त झाला. मुहम्मद अली त्याच्या नंतरच्या पिढीतला. १९६९ मध्ये दोघांना स्टुडिओत आणून लुटुपुटूच्या फेऱ्या चित्रित केल्या आणि निकाल कॉम्प्युटरवर सोडला. जानेवारी १९७० मध्ये तो थिएटरांत दाखवला, तेव्हा तेराव्या फेरीत मार्सियानो जिंकला. तो बघायला मार्सियानो मात्र नव्हता, आधीच्या ऑगस्टमध्ये विमान अपघातात गेला होता. गंमत पुढेच आहे. युरोपात दाखवलेल्या प्रतीत अली जिंकलेला होता! म्हणजे कॉम्प्युटरसुद्धा प्रेक्षक बघून बोलला म्हणायचं.

आणखी एक गोष्ट. मार्सियानोचं लढतीतलं वजन साधारण ८४ किलो. आज व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये हेवीवेट गट ९०.७ किलोच्या वर सुरू होतो. आजच्या नियमाने तो त्या गटातच बसत नाही. मग लढत कुणाच्या नियमाने लावायची?

पोरांच्या वादात नेमका हाच प्रश्न राहून जातो. माती की गादी? मातीवर रंगलेली निकाली कुस्ती पाठ लागेपर्यंत चालायची. गादीवर तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या आणि गुण. एकावर जो राजा, तो दुसऱ्यावर असेलच असं नाही. 'कोण जिंकेल' याच्या आधी हे ठरवायला लावा, मग बघा पोरं कशी लिहितात. 'कारण', 'परंतु', 'तरीसुद्धा' हे शब्द त्यांच्या वाक्यांत आपोआप येतात. उभयान्वयी अव्ययांचा वेगळा तास घ्यायची गरज उरत नाही.

खाशाबा जाधवांचं उदाहरण तर वर्गात सांगायलाच हवं. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मातीतला पैलवान १९४८ ला लंडन ऑलिंपिकला गेला आणि तिथं गादीवर उतरला. सहावा आला. चार वर्षांनी हेलसिंकीत ५७ किलो गटात कांस्यपदक घेतलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्या गटात सुवर्ण घेणारा होता जपानचा शोहाची इशी. १९४८ चे खाशाबा आणि १९५२ चे खाशाबा यांची कुस्ती लावा. दोघांची माती एक, तालीम एक. दुसऱ्याने फक्त नवे नियम शिकून घेतलेत. माझ्या मते सगळ्यात चांगला कल्पनाविस्तार हाच.

आता पालकांसाठी. अशी कुस्ती तुम्ही घरात रोज लावता, हे ध्यानात येतं का? "आमच्या वेळची चौथी शिकलेला माणूस आताच्या दहावीला भारी होता. पावकी, निमकी, दिडकी तोंडपाठ!" खरं आहे, होती पाठ, आणि ते सोपं नव्हतं. पण ही लढत तुम्ही कायम तुमच्याच मातीवर लावता. आपल्याकडे पहिलीपासून इंग्रजी २००० साली आलं. आज तिसरीतलं लेकरू घरी मराठी बोलतं, कुठं लमाणी बोलतं, आणि वर्गात इंग्रजी वाक्य जुळवतं. त्याला उभं करून दिडकी विचारायची आणि चारचौघांत "काय शिकवतात शाळेत!" म्हणायचं, म्हणजे गादीच्या पैलवानाला न सांगता हौद्यात ढकलण्यासारखं आहे. ते लेकरू पुढच्या वेळी पाहुणे आले की आत जाऊन बसतं.

पाढे पाठ असू नयेत असं मी म्हणत नाही. मी स्वतः वर्गात रोज म्हणून घेते. पण आजोबांनी दिडकी म्हणावी, नातीने इंग्रजी गोष्ट वाचावी आणि दोघांनी एकमेकांना शिकवावं, अशी जोड लावायला काय हरकत आहे? दिवाळीच्या सुट्टीचा अभ्यास म्हणून मी यंदा हेच देणार आहे. विषय : 'माझे आजोबा माझ्या वर्गात बसले तर'. गाईडात तो अजून तरी आलेला नाही.