छातीवरच्या चकत्या
लायडनच्या आइन्थोव्हेन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी हृदयाचा विद्युत्-आलेख घेतला, तेव्हा रुग्णास दोन्ही हात व एक पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसावे लागे. गैरसोय मोठी खरी, परंतु गोंदाचा जाच तरी नव्हता. आता हृदयाच्या सलग नोंदीसाठी, म्हणजे होल्टर-नोंदीसाठी, छातीवर ज्या चिकट इलेक्ट्रोड-चकत्या 24 तास किंवा त्याहून अधिक काळ डकवून ठेवतात, त्यांखाली क्षारयुक्त लेप, घाम आणि कोंडलेली उष्णता यांचे संगनमत होऊन, विशेषतः आपल्याकडील वैशाखात, कातडी लाल होते, चुणचुणते, आणि रुग्ण मात्र तो तपासणीचाच भाग समजून निमूटपणे सोसतो. येथे तारतम्य हवे: चकती काढल्यावर लवकरच ओसरणारी लाली हा बहुधा केवळ क्षोभ होय, पण एकदोन दिवसांनी उमटून चकतीच्या कडेपलीकडे पसरणारे खाजरे पुरळ हे गोंदातील अ‍ॅक्रिलेटासारख्या द्रव्याच्या वावड्याचे लक्षण असू शकते, आणि असे वावडे एकदा जडले की सहसा सुटत नाही, सबब ते दवाखान्याच्या दप्तरी नोंदवून घ्यावे. चकती खसकन ओढण्याचा शिरस्ता तर मला निव्वळ निर्दयपणा वाटतो, कारण वृद्धांची पातळ कातडी तिच्यासरशी सोलून निघते. कोमट पाण्याने भिजवून, कातडी बोटाने दाबून धरून, चकती सावकाश सोडवावी. एमआरआयच्या दालनात शिरण्यापूर्वी मात्र एकही चकती अंगावर राहिली नाही याची खातरजमा करा. तिच्यातील धातू तापून त्वचा भाजल्याचे प्रकार घडलेले आहेत.