नैराश्यावरचा उपचार बंद खोलीतच का?

नैराश्य म्हणजे श्रीमंतांचे दुखणे, असे म्हणणारे आपल्या वस्त्यांतही कमी नाहीत. पण 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात नैराश्य असलेल्या दर शंभरांपैकी सुमारे 85 जणांना उपचारच मिळत नव्हते. समुपदेशकाची फी ज्याला परवडत नाही, त्याने काय करायचे?

एक उत्तर युगांडातून आले आहे. 2002 साली तिथल्या 30 खेड्यांत एक चाचणी झाली. त्यापैकी 15 खेड्यांत गट बसवले. स्त्रियांचे वेगळे, पुरुषांचे वेगळे. गट चालवणारे डॉक्टर नव्हते, दोन आठवडे प्रशिक्षण घेतलेली स्थानिक माणसे होती. आठवड्यातून एकदा दीड तास, असे 16 आठवडे. कोणाचे माणूस गेलेले, कोणाच्या घरात भांडण. ते बोलायचे आणि त्यावर काय करता येईल हे सर्वांनी मिळून शोधायचे. शेवटी गटांतल्या 6.5 टक्के लोकांतच नैराश्य उरले. गट नसलेल्या खेड्यांत 54.7 टक्के. 2016 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या पद्धतीची मार्गदर्शिकाही काढली.

काही साथी विचारतील, गटात बसून रडल्याने जात जाईल काय? नाही जाणार. पण अंथरुणातून उठण्याचेच बळ संपलेल्या माणसाला 'मोर्चाला चल' म्हणणे म्हणजे त्यालाच दोषी ठरवणे. उलट चार जणांच्या तोंडून तोच अपमान ऐकला की कळते, उणीव आपल्यात नव्हती, व्यवस्थेत आहे.

मात्र आमची अट आहे. जातीचा अपमान सांगणाऱ्याला 'मनाला लावून घेऊ नकोस' असे सुनावणारा गटप्रमुख आम्हाला नको. तसा गट जखम भरत नाही, ती झाकायला शिकवतो.

2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचे कलम 18 जातिभेदाविना उपचाराचा हक्क देते. तो आपण मागितला पाहिजे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातून वस्तीतल्याच तरुण-तरुणींना आणि आशाताईंना गट चालवण्याचे प्रशिक्षण मिळावे. जागा शोधायची गरज नाही. विहारे आणि समाजमंदिरे आहेत. गटातले बोलणे बाहेर जाणार नाही, ही शिस्त मात्र पाळावीच लागेल. आणि गट म्हणजे डॉक्टरांना पर्याय नव्हे. कोणी जीव देण्याची भाषा करत असेल तर त्याला एकटे सोडू नका, तातडीने डॉक्टरांकडे न्या. टेलि-मानसचा 14416 हा मोफत क्रमांकही आहे.

संघटना फक्त घोषणा देण्यासाठी नसते. खचलेल्या साथीशेजारी दर आठवड्याला दीड तास बसणे हेही संघटनेचेच काम आहे.