नटवायची की चालवायची?

जुनी सायकल दिसली की हॉस्टेलमध्ये दोन पक्ष पडतात. पहिला म्हणतो, भंगारात घाल. दुसरा यूट्यूब पाहून आलेला असतो. तो म्हणतो, पूर्ण खोल, रंग खरवड, पावडर कोटिंग कर, एकदम शोरूम पीस! मला दोन्ही पक्ष पटत नाहीत.

सध्या माझ्याकडे काकांची हीरो रेंजर आहे, नव्वदच्या दशकातली. जाड टायर, सरळ हँडल. त्या काळी पोरं जिच्याकडे वळून बघायची ती. काकांनी गावातल्या वेल्डरकडून तिला लोखंडी कॅरिअर लावून घेतलं आणि त्यावर वर्षानुवर्षं दुधाचे कॅन वाहिले. आता तिला 'ओरिजिनल' करायचं म्हटलं तर आधी ते कॅरिअर कापावं लागेल, कारण कंपनीनं ते दिलंच नव्हतं. मग ओरिजिनल कोणती समजायची? दुकानातून आली ती, की काकांनी चालवली ती?

उत्तर आपल्याच स्टेशनवर आहे. गोंदिया-जबलपूर ही नॅरोगेज लाईन होती, रुळांतलं अंतर ७६२ मिमी. त्यातला नैनपूर-जबलपूर टप्पा २०१५ साली बंद झाला आणि पुढे सगळ्या मार्गाचं १६७६ मिमीचं ब्रॉडगेज झालं. दुसरीकडे, नागपूरला मोतीबागेत २००२ पासून नॅरोगेजचं संग्रहालय आहे. तिथली इंजिनं रंगवून, पुसून जपलेली आहेत. तिथे ते योग्यच, कारण त्यांना गाडी ओढायची नाही. लाईन मात्र लोकांना रोज लागणार होती, म्हणून ती बदलली. म्हणजे किती दुरुस्त करायचं हे वस्तूचं वय ठरवत नाही, तिच्याकडून घ्यायचं काम ठरवतं. माझ्या रेंजरला हॉस्टेल ते बाजार आणि कधी रविवारी गावाकडे जायचंय. तेव्हा हिशोब त्याच कामाचा.

ज्या गोष्टींवर जीव अवलंबून आहे तिथे काटकसर करायची नाही. सुरुवात फ्रेमपासून. मागच्या चाकाच्या खाचेतून दोरा काढा, हँडलच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या खाचेत बांधा. सीटच्या उभ्या नळीपासून दोन्ही बाजूंचं अंतर सारखं आलं तर फ्रेम सरळ. जोडांजवळ रंग फुगलाय का, चीर आहे का, नीट बघा. हँडलच्या नळीजवळ चीर सापडली तर माझं मत पहिल्या पक्षाला.

मग ब्रेक. क्रोमची स्टील रिम पावसात ओली झाली की रबराची पकड सुटते. अ‍ॅल्युमिनियमच्या रिमवर ती बरीच बरी राहते. आपल्याकडे रोवणीच्या दिवसांत रस्त्यावर चिखल असतो आणि समोरून ट्रॅक्टर. निदान पुढची रिम तरी बदलाच, 'ओरिजिनल' गेलं खड्ड्यात. टायर घेताना नुसतं 'सव्वीसचा द्या' म्हणू नका. एमटीबीच्या सव्वीसची रिम ५५९ मिमीची, तर २६ × १ ३/८ ची ५९० मिमीची. नाव एकच, पण एकाचा टायर दुसऱ्यावर बसत नाही. चेनच्या २४ कड्या म्हणजे बरोबर १२ इंच. तेच माप १२ १/८ इंचांवर गेलं असेल तर चेनसोबत फ्रीव्हीलही बदला. नाहीतर जुने दात नव्या चेनला खातील. छर्रे आणि ग्रीस तर बदलायचेच, त्यात खर्चही फारसा नाही.

आणि रंग? इथेच खरं भांडण आहे. पावडर कोटिंग म्हणजे जुना रंग, स्टिकर सगळं काढून फ्रेम सुमारे २०० अंशांच्या भट्टीत. सायकल चकाचक होईल, पण कुणाचीही वाटेल. हेमाडपंती देवळाच्या कोरीव दगडावर ऑइलपेंट फासलेला पाहिलाय ना? हेतू चांगला, पण देऊळ ओळखू येत नाही. नुसता वरवरचा गंज असेल तर घासून, तेलाचा हात फिरवून थांबतो. खोल गेलेल्या ठिकाणी तेवढाच प्रायमर आणि रंग लावावा. कॅन घासून उघडी पडलेली पट्टी मी तशीच ठेवणार. तिने सायकल अडत नाही, आणि ती पट्टी कुठल्या दुकानात विकत मिळत नाही. काकांना विचारलं तर ते एवढंच म्हणाले, "अरे, ब्रेक पाहून घे. कलर काय करतंस!"

काहीजण म्हणतील, एवढ्या खर्चात सेकंडहँड नवी येईल. येईलही. म्हणूनच सामान घेण्याआधी कागदावर यादी करावी: जीवासाठी लागणारं, चालण्यासाठी लागणारं आणि नुसतं दिसण्यासाठी. पहिल्या दोनचाच खर्च परवडत नसेल तर सायकल सोडून द्यावी. परवडत असेल तर तिसऱ्या रकान्यावर काट मारावी आणि पँडल मारावं.

स्टँडमागे कितीतरी बेवारस सायकली पडून आहेत. सरांनी परवानगी दिली आणि मूळ मालकांना विचारून झालं, तर वर्कशॉपमध्ये दोन शनिवार पुरतील. फर्स्ट इयरच्या पोरांना पायपीट तरी वाचेल. मशीन डिझाइनच्या पेपरात फॅक्टर ऑफ सेफ्टी आपण दरवर्षी लिहितोच. एकदा तो हाताने घट्ट करून पाहू!