बेपत्तांच्या घरातील प्रतीक्षा

सप्टेंबर २०२४ च्या अखेरीस हिमाचल प्रदेशातील रोहतांग खिंडीच्या परिसरात बर्फाखालून चार जणांचे अवशेष बाहेर काढण्यात आले. ७ फेब्रुवारी १९६८ रोजी १०२ जणांना घेऊन चंदीगडहून लेहकडे निघालेले वायुदलाचे एएन-१२ विमान त्या पर्वतराजीत नाहीसे झाले होते. हे चौघे त्या विमानातील. त्यांपैकी एक, केरळचा थॉमस चेरियन, छप्पन्न वर्षांनी आपल्या गावच्या चर्चच्या भूमीत विसावला. भावंडांनी त्याला निरोप दिला. आईवडील मात्र वाट पाहता पाहता आधीच निघून गेले होते.

ही बातमी वाचताना आमचे मन साताऱ्याकडे वळले. सैनिकांचा हा जिल्हा. येथील अपशिंगे या गावाच्या नावापुढे लोक आजही ‘मिलिटरी’ हा शब्द जोडतात. पहिल्या महायुद्धात या एका गावाचे ४६ जवान कामी आले. त्या युद्धात मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, लढल्या. २९ एप्रिल १९१६ रोजी कुत येथे वेढ्यात सापडलेल्या सैन्याने शरणागती पत्करली. पुढे बंदिवासात आणि वाळवंटातील पायपिटीत किती शिपाई गेले याचा हिशेब गावापर्यंत कसा पोहोचणार? ज्यांची कबर ठाऊक नाही अशा चाळीस हजारांहून अधिक सैनिकांसाठी बसरा येथे स्मारक उभारले गेले. मात्र त्यावर साध्या हिंदी शिपायांची नावे कोरलेली नव्हती. पलटणीपुढे फक्त संख्या लिहिली होती. साम्राज्याला संख्या पुरली. ज्या आईला मुलाच्या नावाने पान वाढायचे होते, तिला ती कशी पुरावी?

शंभर वर्षांनी याच जिल्ह्याने आणखी एक वेगळी परीक्षा पाहिली. ३ फेब्रुवारी २०१६ रोजी सियाचीन हिमनदीवर हिमकडा कोसळून दहा जवान गाडले गेले. त्यांत माण तालुक्यातील मस्करवाडीचा एक जवान होता. दुसऱ्याच दिवशी कोणी वाचल्याची शक्यता अत्यल्प असल्याचे सांगण्यात आले, देशाने श्रद्धांजलीही वाहिली. आणि सहाव्या दिवशी बातमी आली की दहांपैकी एक, लान्स नायक हणमंतप्पा कोप्पड, जिवंत सापडला. उरलेल्या नऊ घरांत त्या क्षणी काय झाले असेल, याचा विचार तेव्हा फारसा कोणी केला नाही. ज्यांनी मन घट्ट करून मृत्यू स्वीकारायला सुरुवात केली होती, त्यांच्या दारात आशा पुन्हा येऊन उभी राहिली आणि थोड्याच वेळात परत फिरली. हणमंतप्पाही ११ फेब्रुवारीला गेला.

सांगलीकरांना ही गोष्ट नदीने शिकवली. ८ ऑगस्ट २०१९ रोजी महापुरात पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे पूरग्रस्तांना घेऊन निघालेली बोट उलटली. काही मृतदेह लगेच हाती लागले. उरलेल्यांचा शोध पुढे चालू राहिला. पुराच्या काठावर बसून राहिलेल्या माणसाची प्रार्थना विचित्र असते. पहिल्या दिवशी तो म्हणतो, माझे माणूस जिवंत सापडू दे. तिसऱ्या दिवशी तोच म्हणतो, निदान देह तरी सापडू दे. आणि असे मागितल्याबद्दल तो पुढे वर्षानुवर्षे स्वतःला दोष देत राहतो.

ज्यांचा देहही सापडत नाही, त्यांचे काय? जुलै २०२१ च्या ज्या अतिवृष्टीत पाटण तालुक्यातील आंबेघर आणि मिरगाव येथे दरडी कोसळल्या, त्याच अतिवृष्टीत सह्याद्रीच्या पलीकडे, महाड तालुक्यातील तळिये गाव डोंगराखाली गेले. चार-पाच दिवसांनी शोध थांबवून उरलेल्या बेपत्तांना मृत मानण्याचे ठरले. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूरजवळील इर्शाळवाडी गाडली गेली. २७ मृतदेह मिळाले, ५७ जणांचा थांग लागला नाही, आणि २३ जुलैला शोधकार्य संपले. पाऊस, निसरडा डोंगर, यंत्रे वर नेण्याची अडचण आणि दुर्गंधी पाहता तो निर्णय समजण्यासारखा होता. परंतु शोध थांबला म्हणून प्रतीक्षा थांबत नाही.

या अवस्थेला नाव देण्याचे श्रेय अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ पॉलीन बॉस यांच्याकडे जाते. व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या वैमानिकांच्या कुटुंबांचा त्यांनी १९७० च्या दशकात अभ्यास केला आणि ‘संदिग्ध वियोग’ असे ज्याला म्हणता येईल, ती कल्पना मांडली. माणूस देहाने नाही पण मनात आहे, हा एक प्रकार. देहाने समोर आहे पण मनाने हरवला आहे, उदाहरणार्थ स्मृतिभ्रंशाने ग्रासलेले वडील, हा दुसरा. दुसऱ्याविषयी पुन्हा केव्हातरी लिहू. बॉस यांचे सांगणे आम्हाला महत्त्वाचे वाटते ते यासाठी की, अशा घरातील खिन्नता वा गोठलेपणा हा त्या माणसांचा दुबळेपणा नसून परिस्थितीचा परिणाम आहे, असे त्या ठामपणे म्हणतात. प्रश्नाला उत्तरच नसेल, तर उत्तर न सापडणे हा त्यांचा दोष कसा? ‘तो बहुधा गेला असेल आणि कदाचित आला तर येईलही’ ही दोन्ही वाक्ये एकाच वेळी मनात बाळगून जगता येते, आणि पुष्कळ घरे तशीच जगतात.

अडचण अशी की, आपला व्यवहार या दोहोंपैकी एकच वाक्य मागतो.

कायद्याचे पाहा. १८७२ च्या पुरावा अधिनियमातील १०८ वे कलम, जे आता १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमात १११ वे झाले आहे, असे सांगते की ज्यांना एखाद्याची खबर स्वाभाविकपणे मिळाली असती, त्यांना सात वर्षे ती मिळाली नाही, तर तो जिवंत आहे असे म्हणणाऱ्याने ते सिद्ध करावे. म्हणजे सात वर्षे थांबायचे. त्यानंतरही मृत्यू कोणत्या दिवशी झाला, हे कायदा गृहीत धरत नाही. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आयुर्विमा महामंडळाच्या एका खटल्यात हे स्पष्ट केले. त्या प्रकरणात बेपत्ता माणसाच्या विम्याचे हप्ते मध्येच थांबले होते, आणि म्हणून पत्नीचा पूर्ण रकमेचा दावा टिकला नाही. ज्या घरातील मिळवता माणूसच नाहीसा झाला, त्या घराने त्याच्या विम्याचे हप्ते सात वर्षे भरत राहावे, ही अपेक्षा कायद्याच्या दृष्टीने सुसंगत असेलही. माणुसकीच्या दृष्टीने ती कठोर आहे. आमच्या वाचकांपैकी कोणावर ही वेळ आली असेल, तर पोलिसांत दिलेल्या तक्रारीची प्रत जपून ठेवावी आणि हप्त्यांविषयी वेळीच चौकशी करावी, एवढे येथे सांगून ठेवतो.

आणि मग तो अर्ज. ‘माझे पती मृत आहेत असे घोषित करावे’ या वाक्याखाली पत्नीने सही करायची. आपल्याच हाताने आपण त्याला मारतो आहोत, या भावनेने कित्येक स्त्रियांचे हात त्या कागदावर थांबतात. नातेवाईक म्हणतात, “वहिनी, नुसता कागद आहे, करून टाका सही.” पण तो तिच्यासाठी नुसता कागद नसतो.

असे असले तरी दोन्ही शक्यता खुल्या ठेवणारे नियम करता येतात, याचा दाखला शासनाच्याच दप्तरात आहे. केंद्र सरकारचा कर्मचारी बेपत्ता झाला, तर पोलिसांत नोंद झाल्यापासून सहा महिन्यांनी त्याच्या कुटुंबास निवृत्तिवेतन सुरू होऊ शकते. कुटुंब फक्त एवढे लिहून देते की तो परतला तर दिलेली रक्कम त्याच्या देण्यातून वळती करून घ्यावी. या नियमात चूल पेटती राहते आणि दारही बंद होत नाही. ऊसतोड मजुराला, ट्रकचालकाला किंवा गलाईच्या कामासाठी परराज्यात गेलेल्या खानापूर-आटपाडीकडच्या तरुणाच्या घराला असा आधार का मिळू नये?

धर्मपरंपरांनीही हा प्रश्न ओळखला होता. हिंदू शास्त्रात बेपत्ता व्यक्तीसाठी दीर्घकाळ थांबून पळसाच्या पानादेठांचा पुतळा करून त्यावर अंत्यसंस्कार करण्याचा विधी आहे; आणि तो माणूस परत आलाच, तर त्याचे जातकर्मापासून सारे संस्कार पुन्हा करावेत, हेही सांगितलेले आहे. ख्रिस्तसभेच्या कायद्याचे १७०७ वे कलम बेपत्ता जोडीदाराचा मृत्यू गृहीत धरण्याचा अधिकार बिशपांना देते. पण केवळ अनुपस्थिती, ती कितीही दीर्घ असो, पुरेशी नाही, चौकशीअंती मनाची नैतिक खात्री व्हायला हवी, अशी अट घालते. सेमिनरीत शिकताना हे कलम आम्हाला कोरडे वाटे. आज वाटते, त्यामागे घाई न करण्याचे शहाणपण आहे.

समाज मात्र घाई करतो, आणि ती बहुतेक वेळा स्त्रीच्या कपाळावर येऊन थांबते. कुंकू लावले तर लोक कुजबुजतात, पुसले तर सासू म्हणते, “माझा मुलगा गेला असे तुला कोणी सांगितले?” ती ना सवाष्ण, ना विधवा. सांगलीपासून जवळच, शिरोळ तालुक्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवांचे कुंकू पुसणे, मंगळसूत्र तोडणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींना तो आदर्श घेण्यास सांगितले. या ठरावाची चर्चा विधवांच्या सन्मानाच्या अंगाने झाली, ते योग्यच. परंतु त्याचा सर्वांत मोठा दिलासा बहुधा बेपत्ता माणसाच्या पत्नीला मिळेल. मृत्यूने कपाळावर काही बदलणारच नसेल, तर ‘तू आता कोण?’ हा प्रश्न तिला कोणी विचारण्याचे कारण उरत नाही.

आम्हा धर्मगुरूंकडूनही चुका होतात. अशा घरी गेलो की शांतता सहन होत नाही, आणि तोंडातून ‘देवाची इच्छा’, ‘आता मन मोकळे करा, पुढे पाहा’ असे काहीतरी निघून जाते. १९७१ च्या युद्धात बेपत्ता झालेले वैमानिक विजय तांबे यांच्या पत्नी, बॅडमिंटनपटू दमयंती तांबे, यांच्या वैवाहिक जीवनाला तेव्हा जेमतेम दीड वर्ष झाले होते. २००७ साली, छत्तीस वर्षांनी, पाकिस्तानातील तुरुंग पाहण्यास गेलेल्या नातेवाइकांत त्या होत्या. त्यांना कोणी ‘पुढे पाहा’ म्हणावे? त्या पुढेच चालत होत्या. अध्यापन करीत होत्या, खेळाडू घडवीत होत्या, आणि शोधही घेत होत्या.

दर वर्षी २ नोव्हेंबरला, सर्व मृतांच्या स्मरणदिनी, धर्मग्रामांत मिस्सासाठी नावांची यादी घेतली जाते. बेपत्ता माणसाचे नाव त्या यादीत द्यावे की नाही, या संभ्रमात घरातील माणसे कागद हातात घेऊन तशीच उभी राहतात आणि शेवटी नाव न देताच परततात. यंदा त्या यादीशेजारी दुसरा एक कागद ठेवावा, असे आम्ही आमच्या धर्मगुरू बांधवांना सुचवितो. त्यावर मथळा नसला तरी चालेल. नाव लिहिणाऱ्याला कोणी काही विचारू नये, आणि मिस्सात ती नावे वेगळी वाचावीत.